गोळी चालू असताना दारू : डॉक्टरांपासून काय लपवता?

सुरगाण्याहून एका भगिनीने आम्हाला विचारले आहे : "शौहरांना उदासीच्या आजारावर गोळ्या चालू आहेत. मोहाच्या दिवसांत ते दोस्तांबरोबर पितात. पितात त्या दिवशी गोळी टाळतात, म्हणजे काही होत नाही म्हणतात. डॉक्टरांना सांगायची शरम वाटते. काय करावे?"

दारू हराम आहे, हे या घराला कुणी शिकवायला नको. पण गुनाह झाकण्याच्या धडपडीत जीव धोक्यात जाऊ नये, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. दारू घटकाभर हलके वाटायला लावते आणि नंतर उदासी वाढवते. गोळीने कमावलेले ती घालवते. अमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिनने मुळातच झोप येते. त्यावर दारू पडली की गुंगी दुप्पट. अशा वेळी घाटात मोटारसायकल चालवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. शिवाय मन खचलेल्या माणसाच्या डोक्यातला वाईट विचार नशेत आवरत नाही, हा सर्वांत मोठा धोका.

एक दिवस गोळी टाळून काहीच साधत नाही. औषध अंगात काही दिवस राहते, फ्लुओक्सेटिन तर काही आठवडे. गोळ्या वरचेवर चुकल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते आणि आजार उलटतो. त्यात मोहाची हातभट्टीची दारू किती कडक आहे, हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

काही घरांत या गोळ्यांनाच 'नशेची गोळी' समजून त्या बंद करायला लावतात. हा गैरसमज आहे. रक्तदाबाच्या गोळीसारखेच हे औषध आहे. ते बंद करायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

भगिनी, शौहरांशी भांडणाच्या वेळी नव्हे, शांतपणे बोला. डॉक्टरांकडे सोबत जा आणि किती, कधी घेतात ते खरे सांगा. औषध आणि त्याचे प्रमाण त्यावरच ठरते. मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. रोज पिणाऱ्याने मात्र एकाएकी दारू तोडू नये. हात थरथरतात, फिटही येऊ शकते. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

नाशिकला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे लगेच जमत नसेल तर सरकारच्या 'टेली-मानस'चा 14416 हा क्रमांक लावा. तो चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा कानावर आली तर मात्र माणसाला एकटे सोडू नका, तडक जवळच्या रुग्णालयात न्या.

तौबा अल्लाहपाशी करायची आहे. डॉक्टरांना फक्त खरे सांगायचे आहे. दोन्हींना उशीर नको.