जुनी जीप ठेवू की जिप्सी? आधी चेसी बघा

आज पिकाचं नाही, शेडमधल्या गाड्यांचं लिहितोय. आपल्याकडं बऱ्याच वस्त्यांवर ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप उभी असते. विकवत नाही आणि वापरवतही नाही, अशी. आमच्याकडं दोन होत्या. आबांची 1991 ची महिंद्रा एमएम 540 आणि मी हौसेनं जुन्यात घेतलेली 1999 ची जिप्सी किंग. यंदा जीपच्या नोंदणीची मुदत संपत आली आणि दोन्ही सांभाळणं काही परवडेना. एकच ठेवायची ठरलं.

सल्ले भरपूर मिळाले. कोण म्हणालं, जिप्सीला आता भाव आलाय, तीच विक. कोण म्हणालं, आबांची आठवण आहे, जीप सोडू नको. एकानं जीप चालू करून आवाज ऐकला आणि "इंजिन अजून दहा वर्षं जाईल" म्हणून सांगितलं. माझं मत असं की भाव, आठवण आणि इंजिनचा आवाज या तिन्हीवर निर्णय घेतला की तो चुकतो. बघायचं ते या क्रमानं: कागद, चेसी, मिस्त्री आणि काम.

आधी कागद. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढं दर 5 वर्षांनी रिपासिंग. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरणाची फी 5,000 वरून 10,000 रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि नवी एचएसआरपी पाटी. दिल्लीकडचा 10 वर्षं डिझेल आणि 15 वर्षं पेट्रोलचा नियम आपल्याला लागू नाही. त्याची भीती घालून गाडी स्वस्तात मागणारे येतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावा. आणि एक, आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसी नंबर गाडीवर प्रत्यक्ष जुळतो का ते स्वतः वाचून बघा. जुन्या जीपांत इंजिन बदललेलं असतं आणि आरटीओत नोंद नसते. ती नोंद आधी करून घ्यावी लागते.

काहीजण "व्हिंटेज होईल" म्हणून जीप धरून बसलेत. 2021 च्या नियमानुसार त्याला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हावी लागतात, गाडी मूळ स्वरूपात लागते, नोंदणीची फी 20,000 रुपये आणि त्यावर रोजची ये-जा करता येत नाही. आमच्या जीपला 2041 उजाडलं असतं. तोवर तिच्यात लोखंड किती उरलं असतं, हा प्रश्नच आहे.

आता चेसी. माझ्या मते सगळा निकाल इथंच लागतो. इंजिन दुरुस्त होतं. बोअर करा, रिंगा घाला, पंप-नोझल बसवा. पत्रा नवा मारून मिळतो. पण चेसी नंबर चेसीवरच ठोकलेला असतो. चेसी बदलली की कागदावरची गाडीच बदलली. म्हणून हातात छोटी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि गाडीखाली झोपायचं. मागच्या पाट्यांचे हँगर, आडवे मेंबर, बॉडी जिथं बोल्टनं बसते त्या जागा, सगळीकडं ठोकून बघायचं. लोखंड चांगलं असेल तर टण्‌ असा आवाज येतो. कुजलं असेल तर बोदा आवाज येतो आणि स्क्रूड्रायव्हर आत जातो.

जीपला मागं दोन्ही बाजूंना तो आत गेला. एका बाजूला तर पट्टीवर पट्टी वेल्डिंग केलेली आणि तिच्यामागं नुसती माती. असं कसं झालं, हे खरं तर आपल्या लोकांना सांगायला नको. तीस वर्षं तीच जीप खताची पोती आणायची. एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, शेवटी एक प्रकारचं मीठच. युरिया हवेतली ओल ओढतो. फाटक्या पोत्यातून सांडलेलं चेसीच्या खोबणीत जाऊन बसायचं, वर ओलं शेणखत, त्यावर पावसाचा चिखल. आम्ही गाडी वरून धुवायचो, खालून कधीच नाही. दरवर्षी इंजिन ऑइल बदललं, पण चेसीवर एक पाण्याचा फवारा मारला नाही. आपण ठिबकच्या नळ्या ॲसिडनं धुतो, फवारणी पंप धुऊन ठेवतो, आणि खत वाहणारी गाडी तशीच उभी करतो.

जिप्सी कोरड्या भागातून आलेली. खालून वरवर गंज आहे, पण ठोकलं तर टण्‌ वाजते.

तिसरा मिस्त्री. इथं जीप पुढं आहे, मान्य. तिचं 2112 सीसीचं प्युजो डिझेल इंजिन तालुक्याला कुणीही उघडतो. पण जिप्सीचंही फार अडत नाही. 1985 ला आली, तीसेक वर्षं बनत राहिली, सैन्यात आणि पोलिसात चालली, त्यामुळं सामान मिळतं.

चौथं काम. आमचं रान काळं. पावसाळ्यात मळ्यात जायचं तर हलकी गाडी लागते. जिप्सीचं वजन साधारण हजार किलो, इंजिन 1298 सीसी आणि लो गिअरसह फोर बाय फोर. चिखलात ती वरून निघते. माल वाहायला आता पिकअप आहे.

जिप्सीला एक दुखणं आहे, तेही सांगतो. कार्ब्युरेटरची गाडी, आणि पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप आणि पॅकिंग त्यानं फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतून गंज धरतो. म्हणजे आपल्याच उसाच्या मळीतलं इथेनॉल आपल्याच गाडीची नळी खातं! ऊसवाला म्हणून मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पाइप इथेनॉल चालेल असे बदलून घेतले, फिल्टर नवा घातला आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवतो. ठेवायची गाडी चालवावीच लागते.

निकाल लागला तरी आईला सांगायला मी चार दिवस घेतले. आबांनी त्या जीपमधून मला पहिल्यांदा कॉलेजला सोडलं होतं. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेही तिच्यातूनच. आईनं ऐकून घेतलं. कुजलेला हँगर बॅटरीच्या उजेडात वाकून बघितला. मग म्हणाली, "ह्यांनी ती कामाला घेतली होती रे. दाराला शोभा म्हणून नाही."

जीप स्टँप पेपरवर विकायला गिऱ्हाईक होतं आणि पैसेही जास्त देत होतं. नाही दिली. एक तर आरसीवर नाव आपलं राहतं आणि अपघात झाला की नोटीस आपल्याच दारात येते. दुसरं म्हणजे, ज्या हँगरवर माझा भरवसा नाही त्यावर दुसऱ्याची पोरं कशी बसवू? नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली, प्रमाणपत्र घेतलं आणि आरटीओतून नोंदणी रद्द केली. आबांची पान्यांची पेटी तेवढी काढून जिप्सीत ठेवली.

तुमच्या शेडात अशी गाडी असेल तर या रविवारी हातोडी घेऊन तिच्याखाली जा. टण्‌ वाजली तर खालून धुऊन घ्या, तेल मारा आणि खुशाल ठेवा. बोदा आवाज आला तर गाडी कुणाचीही असो, मन घट्ट करा. आणि खत आणून झालं की गाडी खालून धुवा. आमच्याकडं ते तीस वर्षं राहून गेलं.