अतिचंचल मूल : तपासणीच्या यादीत, कायद्याच्या यादीबाहेर

चेन्नई : साड्या आणि दागिन्यांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या टी. नगर भागात मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशनचे कार्यालय आहे. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठी ही संस्था १९९१ पासून कार्यरत आहे. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ मध्ये स्थापन झाली. अध्ययन अक्षमता असलेल्या अनेक मुलांमध्ये एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता, हा विकारही आढळतो. मात्र कायदा या दोन अडचणींकडे सारख्या नजरेने पाहत नाही.

केंद्राने २०१३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी जी यादी आहे, तीत एडीएचडीचा समावेश आहे. संशय आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. याउलट दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांची नावे आहेत, एडीएचडीचे नाही. परिणामी केवळ हा विकार असलेल्या मुलाला प्रमाणपत्राचा, पर्यायाने परीक्षेतील वाढीव वेळेचा, सरळ मार्ग उपलब्ध नाही. शासन ज्या विकाराचा शोध घेते, त्याच विकाराचे नाव त्याच्या कायद्यात नसावे, ही विसंगती पालकांना बहुधा दहावीच्या उंबरठ्यावर उमगते.

लक्षणे मात्र फार आधी दिसतात. एकाही खेळात मन न रमणे, आपली पाळी येईपर्यंत न थांबणे, रस्त्यावर विचार न करता धावत सुटणे, वह्या अर्धवट राहणे, कंपासपेटी वारंवार हरवणे ही त्यांतील काही. शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिचे निदान अनेकदा राहून जाते.

प्रत्येक खोडकर मूल रुग्ण नसते, हेही तितकेच खरे. प्रचलित निकषांनुसार लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. श्रवण, दृष्टी व झोप यांच्या तक्रारी आधी तपासाव्या लागतात. अनेक देशांतील अभ्यासांत वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलांवर हे निदान अधिक प्रमाणात झाल्याचे दिसले आहे. मुलाला लवकर शाळेत घालण्याची घाई करणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी.

निदान झाले की लगेच गोळ्या, असेही नाही. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणे हा पहिला उपाय आहे. एका वेळी एकच छोटी सूचना, ठरलेली दिनचर्या, चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल, वर्गात शिक्षकांजवळची जागा, हे त्याचे रोजचे रूप. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. संयम लागतो, आणि साठ मुलांच्या वर्गात तोच दुर्मीळ असतो. मोठ्या मुलांसाठी वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट परिणामकारक असले, तरी ते कडक नियंत्रणाखालील औषध असून तज्ज्ञांच्या देखरेखीविना देता येत नाही.

अधिनियमाच्या अनुसूचीत नव्या प्रकाराची भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे आहे. त्यासाठी कायदा नव्याने संमत करावा लागत नाही.