चंदा दरमहा आपोआप कटतो, पण कुणाच्या खात्यात?

रमजान आला की अमरावती-अकोल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चंद्याच्या क्यूआर कोडची रांग लागते. आता त्यात ऑटोपेची भर पडली आहे. एकदा मंजुरी दिली की दर महिन्याला शंभर रुपये आपोआप कटतात. छोट्या संस्थेसाठी ही मोठी सोय आहे, कारण जूनमध्ये किती मुलांची फी भरता येईल याचा अंदाज आधीच येतो. पण आपल्याकडे पैसा आधी सुरू होतो आणि कागद नंतर. घोळ तिथेच होतो.

पहिला प्रश्न खात्याचा. कोड खजिनदाराच्या खासगी खात्याचा असेल तर माणूस कितीही इमानदार असो, रक्कम त्याच्याच नावावर दिसते. उद्या त्याचा इंतकाल झाला तर वारस आणि संस्था दोघेही अडचणीत. खाते संस्थेच्याच नावाचे हवे. नोंदणी झालेली नसेल तर गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घेतात, तशी आपणही घ्यावी.

दुसरा प्रश्न ८०जी चा. 'करसवलत मिळेल' असे लिहिण्याआधी प्रमाणपत्र हातात आहे का ते पाहा. ट्रस्टच्या दस्तात लाभ एकाच धर्माच्या लोकांपुरता लिहिलेला असेल तर साधारणपणे ८०जी मिळत नाही. म्हणून 'गरजू विद्यार्थी' असे शब्द दस्त करतानाच विचारपूर्वक घालावेत. शिवाय देणगीदारांची यादी दरवर्षी आयकर खात्याला द्यावी लागते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. वर्षाअखेरीस दोनशे लोकांना फोन करण्यापेक्षा पॅन नंबर पहिल्याच दिवशी घेतलेला बरा. नव्या कररचनेतल्या नोकरदाराला ही सवलत मिळत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगा.

तिसरा प्रश्न परदेशातल्या नातेवाइकांचा. रियाधमधल्या भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण नागरिकत्व बदललेल्या चाचांचे दहा रुपयेही एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत. त्यामुळे देणगीच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना हवाच.

देणाऱ्याचेही हक्क आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि मंजुरी केव्हाही रद्द करता येते. कुणी रद्द केली तर त्याला फोन करून शरमिंदा करू नये. घरात काय अडचण आहे ते आपल्याला कुठे माहीत? जकात आणि साधी इमदाद यांची नोंदही वेगवेगळी ठेवा, कारण जकातीचा पैसा इमारतीच्या रंगरंगोटीला लावला तर देणाऱ्याची अमानत बिघडते.

आपण शाळेत फीची पावती हक्काने मागतो. चंद्याची पावती मागताना मात्र संकोचतो, समोरच्याला शक वाटेल म्हणून. हा संकोच सोडा. आणि संस्थेच्या जिम्मेदारांनो, कुणी मागण्याआधीच तिमाही हिशेब ग्रुपवर टाका.