बेलचं पुढे काय झालं?

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पैशापलीकडे काही न दिसणारा म्हातारा पेढीवाला स्क्रूज, नाताळच्या आदल्या रात्री त्याला भेटणारी भुतं आणि सकाळी उठल्यावर झालेला त्याचा कायापालट, एवढं कथानक बहुतेकींना ऐकून माहीत असतं. १९०१ सालच्या मूकपटापासून आजवर या गोष्टीवर चित्रपट निघत आले, रेडिओवर ती असंख्य वेळा झाली. कुठल्या नटाचा स्क्रूज सरस, ही चर्चा त्यामुळे कधी संपत नाही. मी मात्र या गोष्टीचं कुठलंही रूपांतर समोर आलं की एकच गोष्ट तपासते. यांनी बेलचं काय केलं?

बेल ही तरुण स्क्रूजची वाग्दत्त वधू. पुस्तकात तिला जेमतेम दोन प्रसंग आहेत. पहिल्यात ती लग्न मोडते. स्क्रूज तिला टाकत नाही, ती त्याला मोकळं करते. रडारड नाही, आरोपांची सरबत्ती नाही. दोघं गरीब असताना ठरलेलं हे लग्न. आता तू बदललास, आज नव्याने निवड करायची झाली तर हुंडा न आणणारी मुलगी तू पत्करशील का, असा सरळ सवाल ती करते. उत्तर तिला ठाऊक असतं. हुंड्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना १८४३ सालचा हा संवाद मुळीच परका वाटणार नाही. दुसरा प्रसंग त्याहून महत्त्वाचा. बऱ्याच वर्षांनंतरची बेल दिसते. बेताचं पण उबदार घर, पोरांचा कल्ला, खेळणी घेऊन आलेला नवरा. म्हणजे नाही म्हणणाऱ्या बाईचं वाटोळं झालं नाही. ती सुखात आहे. स्क्रूजला हेच बघवत नाही.

आता पडद्यावर या. १९३८ साली एमजीएम कंपनीने काढलेल्या चित्रपटात बेल नाहीच. कुटुंबाने मिळून बघायचा चित्रपट म्हणून त्यांनी बरंच काही गाळलं, त्यात ती गेली. पण गंमत पुढे आहे. पुस्तकात स्क्रूजचा भाचा फ्रेड आधीच लग्न झालेला, पैशाकडे न बघता प्रेमाने लग्न केलेला आहे. या चित्रपटात त्याचं लग्न पैशावाचून अडलंय, आणि त्याची वाग्दत्त बेस वाट बघत बसली आहे. शेवटी स्क्रूज भाच्याला धंद्यात भागीदार करून घेतो आणि लग्नाचा मार्ग मोकळा होतो. नाही म्हणणारी बाई काढली, थांबून राहणारी घातली!

१९५१ सालचा ब्रायन डेस्मंड हर्स्ट यांचा, अ‍ॅलिस्टर सिम यांची भूमिका असलेला चित्रपट मला एरवी फार आवडतो. पण तिथे बेलची अ‍ॅलिस होते. ती अंगठी परत करते, इथपर्यंत ठीक. पुढे तिचं घर, मुलं, नवरा सगळं गायब. अनाथ-निराधारांची सेवा करणारी सोशिक बाई म्हणून ती पुन्हा दिसते. सेवाकार्याला माझा विरोध नाही, आपण सगळ्या तेच करतो. पण बाईने स्वतःहून लग्न मोडलं, तर उरलेल्या आयुष्यात तिने त्यागच करायचा, हा हिशेब डिकन्सचा नाही, पटकथाकाराचा आहे. १९८४ च्या जॉर्ज सी. स्कॉट यांच्या दूरचित्रवाणीपटात तिचा संसार परत आला. १९९२ च्या मपेट बाहुल्यांच्या चित्रपटात बेल गाणं म्हणून निरोप घेते. लहान मुलं कंटाळतील म्हणून चित्रपटगृहांत ते गाणंच कापलं गेलं. त्या गाण्याला उत्तर देणारं शेवटचं गाणं मात्र राहिलं. काही व्हिडिओ कॅसेटींवर ते होतं. बाकी संपूर्ण प्रत लोकांसमोर यायला २०२२ साल उजाडलं.

खरं तर बेलसाठी रेडिओसारखं माध्यम नाही. तिचा प्रसंग म्हणजे जवळजवळ सगळं तिचंच बोलणं आहे, स्क्रूज मधेमधे एखादं वाक्य टाकतो. पडद्यावर कॅमेरा आधी तिचा चेहरा, केस, डोळ्यांतलं पाणी दाखवतो आणि मुद्दा बाजूला पडतो. रेडिओवर फक्त युक्तिवाद उरतो. (शेवटचं भूत एक अक्षर बोलत नाही, त्याचं रेडिओवर काय करायचं ही अडचण वेगळी.) पण अमेरिकेत १९३४ पासून जवळजवळ वीस वर्षं लोक नाताळात रेडिओ लावत ते लायोनेल बॅरीमोर यांचा खर्जातला म्हातारा ऐकायला. १९३९ च्या एक तासाच्या प्रयोगात ऑर्सन वेल्स निवेदक होते. पुरुष स्क्रूज, पुरुष निवेदक. कथा पुरुषाच्याच गळ्यातून येते. डिकन्ससुद्धा १८५३ पासून जाहीर वाचनं करत, त्यात बायकांचे आवाज तेच काढत. आणि पुस्तकातला निवेदक तरी काय! बेलच्या वयात आलेल्या मुलीकडे बघून तो जी लाळ गाळतो, ती वाचवत नाही. तिथे कात्री लावणाऱ्या रूपांतरकारांबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरी बाई घरकाम करणारी. पुस्तकात ती मेलेल्या स्क्रूजच्या बिछान्याचे पडदे, घोंगडी, अंगावरचा सदरासुद्धा काढून विकते, आणि वर सुनावते, की यानेही आयुष्यभर फक्त स्वतःचंच बघितलं. १९५१ च्या चित्रपटात कॅथलीन हॅरिसन यांनी तिला झकास उभं केलंय. शिवाय एक भर घातली. नाताळच्या सकाळी स्क्रूज तिचा आठवड्याचा पगार दोन शिलिंगांवरून दहा शिलिंग करतो. पुस्तकात पगारवाढ मिळते ती फक्त कारकून बॉब क्रॅचिटला, तेव्हा ही भर मला मोलाची वाटते. तरी १९८० साली पुण्यात संप करणाऱ्या मोलकरणींना विचारलं, तर त्या म्हणतील, भुतांची वाट किती वर्षं बघायची?

सर्वात वाद घालावा असं रूपांतर २०१९ चं, स्टीव्हन नाइट यांनी लिहिलेली बीबीसीची मालिका. इथे क्रॅचिटच्या बायकोला मेरी हे नाव आहे. पुस्तकात तिला स्वतःचं नाव नाही. मुलाच्या उपचारासाठी ती पैसे मागायला जाते, आणि स्क्रूज तिच्या गरजेचा फायदा घेऊन तिला कपडे उतरवायला लावतो, नुसतं ती किती खाली येते हे बघायला. तिच्या संतापातूनच भुतं येतात. शेवटी तो पैसे देतो तेव्हाही ती त्याला माफ करत नाही. हा शेवट मला पटला. मधला प्रसंग पटला नाही. अशा विटंबना होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे आलेल्या किती जणींनी हेच सांगितलंय. पण डिकन्सची मिसेस क्रॅचिट दोनदा उलटवून शिवलेला झगा घालून, आठवड्याच्या पंधरा शिलिंगांत सहा मुलांचं घर चालवते. नवरा मालकाच्या नावाने पेला उचलायला सांगतो, तेव्हा घरात तीच एकटी मालकाला खरी नावं ठेवते. तिच्या रागाला आणखी कुठल्या कारणाची गरज होती?