घर आणि आरोग्य : उकळून न जाणारा दोष

गेल्या दिवाळींत आम्ही सर्व मंडळी वऱ्हाडांतील आमच्या मूळ गांवीं जमलों होतों. पुतणीचें चार महिन्यांचें बाळ वडिलार्जित वाड्यांत प्रथमच आलें होतें. तिला दूध पुरत नसल्यामुळें बाळास डब्यांतील भुकटीचें दूध द्यावें लागे, आणि त्यासाठीं लागणाऱ्या पाण्याची व्यवस्था आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं स्वतःकडे घेतली होती. परसांतील विहिरीचें पाणी दुहेरी फडक्यानें गाळावयाचें आणि निम्में आटेपर्यंत उकळावयाचें, असा त्यांचा परिपाठ. "आमच्या विहिरीचें पाणी मुळांतच अमृत, आणि त्यांत मीं तें आटविलेलें. आतां काळजी कसली?" असें त्या म्हणत.

त्यांच्या निष्ठेविषयीं शंका घेण्यास जागा नव्हती. परंतु विहिरीपासून पंधरा हातांवर गोठा, त्यामागें उकिरडा, आणि वरच्या अंगास धाकट्या बंधूंची संत्र्यांची बाग, हें पाहून माझ्या मनांत पाल चुकचुकली. एक बाटली भरून मीं पाणी तपासणीस पाठविलें. उत्तर आलें तें असें, कीं पाण्यांत नायट्रेटचें प्रमाण मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे.

नायट्रेट हा नत्राचा क्षार. विहिरीच्या पाण्यांत तो असतो त्या प्रमाणांत त्याला रंग नाहीं, वास नाहीं, रुचि नाहीं. पाणी स्फटिकासारखें दिसतें, आणि म्हणूनच आपण फसतों. उकळल्यानें रोगजंतु मरतात हें खरें. परंतु क्षार कांहीं वाफेबरोबर उडून जात नाहीं. पाणी निम्में आटलें कीं उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण दुप्पट होतें. म्हणजे जें पाणी विहिरींत मर्यादेच्या दुप्पट दूषित होतें, तें आत्याबाईंच्या मायेनें बाळाच्या बाटलींत चौपट होऊन जात होतें! तुरटी फिरविल्यानें किंवा क्लोरीन टाकल्यानेंही नायट्रेट जात नाहीं.

तान्ह्या मुलासच याचें भय विशेष कां? त्याच्या पोटांतील आम्लता कमी असल्यामुळें तेथील जंतु नायट्रेटचें नायट्राइट करतात. तें रक्तांत जाऊन रक्तांतील तांबड्या द्रव्याची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति हिरावून घेतें. ही हानि भरून काढण्याचें सामर्थ्य सहा महिन्यांखालील बालकांत पुरेसें आलेलें नसतें. मग ओठ व नखें निळसर पडतात, रक्त चॉकलेटी रंगाचें दिसूं लागतें, आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावर बेततें. १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत डॉ. हंटर कॉमली यांनीं अशा निळ्या पडलेल्या बालकांचा विकार शेतावरील विहिरींच्या पाण्यापर्यंत नेऊन भिडविला. अंगावर पिणाऱ्या मुलास हें भय फारसें नसतें, कारण मातेच्या दुधांत नायट्रेट फार थोडें उतरतें.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा ठरलेली आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें देशांत तपासलेल्या नमुन्यांपैकीं सुमारें एकपंचमांश नमुने या मर्यादेबाहेरचे होते. अधिक दोष आढळलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगांव हीं नांवें आहेत. तेव्हां ही गोष्ट आमच्या एकट्याच्या परसांतील नव्हे.

हें नायट्रेट येतें कोठून? गोठा, उकिरडा व शौचकूप यांतून तें झिरपतें, तसेंच शेतांतील खतांतूनही. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यांत सुमारें २१ किलो नत्र असतें. मातींतील जंतु त्याचें नायट्रेट करतात. झाडाच्या मुळांनीं घेतलें तेवढें सार्थकीं लागतें. उरलेलें माती धरून ठेवूं शकत नाहीं, आणि पाण्याबरोबर तें खालीं उतरतें. एक किलो नत्र असें निसटलें तर सुमारें एक लाख लिटर स्वच्छ पाण्यास मर्यादेपर्यंत नेण्यास तें पुरतें.

हा हिशेब मीं बंधूंपुढें मांडला. ते म्हणाले, "दादा, तुमचें खरें. पण युरिया कमी करून पीक घटलें, तर बँकेचें कर्ज कोण फेडणार?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. जर्मनींतील म्यूनिक शहरानें तो ओळखला. त्या शहराचें बहुतेक पाणी मांगफाल नदीच्या खोऱ्यांतून येतें. १९९२ पासून शहराच्या पाणीपुरवठा संस्थेनें तेथील शेतकऱ्यांस सेंद्रिय शेतीकरितां पैसे देण्यास आरंभ केला. पाणी बिघडल्यावर शुद्ध करण्यापेक्षां तें बिघडूं न देणें बरें, हा त्यांतील विचार.

आमच्या गांवास असा दाता नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत खत घालणारा आणि पाणी पिणारा एकाच पंक्तीस जेवतात, हें विसरून कसें चालेल? शिवाय निसटलेलें खत म्हणजे निसटलेला पैसाच. माती तपासून लागेल तेवढेंच नत्र द्यावें, तेंही एकदम न देतां हप्त्याहप्त्यानें. जोराच्या पावसाच्या तोंडावर देऊं नये. उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या अंगास न्यावा आणि त्याचा तळ बांधून घ्यावा. विहिरीचा कठडा व भोंवतालचा ओटा भेगाळूं देऊं नये. एवढें केलें तरी विहीर सुधारण्यास वर्षें लागतात. तोंवर बालकासाठीं तपासलेलें दुसरें पाणी आणावें. आर. ओ. यंत्रानें नायट्रेट बरेंच कमी होतें. कँडलच्या साध्या फिल्टरनें होत नाहीं.

आत्याबाईंस हें सांगणें सर्वांत कठीण गेलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग पातेलें उचलून बाजूस ठेवीत बंधूंस म्हणाल्या, "बाबांनीं विहीर खणली ती गांवाला पाणी पाजायला. तिला जपणें आतां तुझ्याकडे, बाळ." दुसऱ्या दिवशीं सकाळीं बंधु उकिरड्यासाठीं नवी जागा आंखीत असलेले दिसले.