माइक बोलू लागतो तेव्हा

घरात जुना, वायरवाला इयरफोन पडलेला असेल तर त्याची पिन कॉम्प्युटरच्या माइकच्या खाचेत घाला आणि इयरफोनमध्येच बोलून पाहा. आवाज रेकॉर्ड होतो. पुसट, पण होतो. इयरफोन असो, स्पीकर असो की गायकाच्या हातातला साधा माइक, आतला संसार तोच: एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि एक लोहचुंबक. आवाजाने पडदा हलला की तारेत वीज तयार होते, तो माइक. तारेत वीज सोडली की पडदा हलतो, तो स्पीकर. कोण बोलणार आणि कोण ऐकणार, हे जोडणीवर ठरतं.

बीईला हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यातून एवढं काही सांगता येईल हे शिल्पा गुप्ता यांचं काम पाहिल्यावर कळलं. शिल्पाताई मुंबईच्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकलेल्या. २०१८च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेत त्यांचं ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ मांडलं होतं. तुझ्या भाषेत मी मावत नाही, असा काहीसा अर्थ. नाव सुचलं ते नसीमी या जुन्या अझेरी कवीवरून. (अनिता दुबे या बिएनालेच्या पहिल्या स्त्री क्युरेटर, आणि त्या वर्षी निम्म्याहून अधिक कलाकार स्त्रिया होत्या.) मडगावहून गाडी पकडून मी गेले, ते खरं तर मैत्रिणीच्या आग्रहाखातर आणि थोडं माशांसाठी.

अंधुक खोली. वरून १०० माइक लोंबताहेत. प्रत्येकाखाली एक लोखंडी सळई, तिच्या टोकात खुपसलेला कागद आणि कागदावर कवितेच्या ओळी. हे १०० कवी आठव्या शतकापासून आजपर्यंतचे. लिहिल्यापायी किंवा मतांपायी तुरुंगात गेलेले. एक माइक एका कवीच्या ओळी म्हणतो आणि मग उरलेले ९९ त्या त्याच्यामागून म्हणतात. हो, माइकच म्हणतात. ज्यांच्यापुढचा माइक काढून घेतला गेला, त्यांच्यासाठी इथे माइकच बोलू लागलेत.

अरबी, अझेरी, रशियन, स्पॅनिश, इंग्रजी, हिंदी. एका जागी उभं राहून भागत नाही. आवाज डावीकडून आला म्हणून वळावं, तर तोवर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला. माइकजवळ कान नेला तर एकच माणूस ऐकू येतो, दोन पावलं मागे आलं की घोळका. आपण बेळगावकर बाजारात एका फेरीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी असं सगळं ऐकतो. न कळणारी भाषा आपल्याला परकी वाटत नाही, पण आपण तिच्यापाशी थांबतही नाही; भाव विचारून पुढे जातो. इथे एका रशियन ओळीपाशी मी कितीतरी वेळ उभी होते. शब्द एक कळत नव्हता. मागून ९९ जण तीच ओळ म्हणत होते, आणि त्यातून निघून जाणं म्हणजे कुणाचं तरी बोलणं अर्ध्यात तोडण्यासारखं वाटत होतं.

प्रेक्षकाचा सहभाग म्हणतात तो मला असा हवा. हात हलवला की दिवा लागतो, टाळी वाजवली की पडद्यावर फूल उमलतं, हे प्रकार मॉलमध्येही असतात.

त्यांच्याच ‘स्पीकिंग वॉल’मध्ये (२००९-१०) भिंतीसमोर जमिनीवर विटांची रांग असते. हेडफोन लावून तिच्यावर उभं राहायचं. कानातला आवाज पुढे व्हा, मागे सरका असं सांगत राहतो आणि तसं सांगतासांगताच सीमारेषांविषयी बोलतो. सेन्सर तुमचं अंतर मोजत असतो. सीमाभागात वाढलेल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. कानात शांतपणे दिलेली सूचना माणूस किती मुकाट्याने पाळतो, हे ॲप बनवून पोट भरणाऱ्या मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून या भिंतीची मला थोडी भीतीच वाटते.

ऐकणं हेच काम मानणाऱ्या बायका त्याआधीही होत्या. अमेरिकेच्या पॉलिन ऑलिव्हेरोस यांनी १९७०च्या दशकात ‘सॉनिक मेडिटेशन्स’ लिहिली. त्यात कसं ऐकायचं, आवाज कसा काढायचा याच्या साध्या सूचना आहेत, संगीत न शिकलेल्यालाही जमतील अशा. सुरुवातीला त्या त्यांनी बायकांच्या एका गटाबरोबर करून पाहिल्या. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सोल्डरिंग मुलं करायची आणि जर्नल मुली लिहायच्या, त्यामुळे अशा गटाचं महत्त्व मला वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

सोल्डरिंगवरून क्रिस्टिना कुबिश. जन्म १९४८, जर्मनीतलं ब्रेमेन. मूळच्या बासरीवादक, इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या इटलीतल्या मिलानला. टेलिफोनचा आवाज मोठा करणारं एक छोटं यंत्र त्यांच्या पिशवीत होतं, ते लॅबमध्ये शिरताच आपोआप गुणगुणायला लागलं. आतल्या वेटोळ्याने आसपासची विद्युतचुंबकीय क्षेत्रं पकडली होती. मग त्यांनी गॅलरीत तारा ताणून त्यांत ध्वनी सोडले. प्रेक्षक हे वेटोळं कानाशी धरून फिरायचा; तो जसा चालेल तसं संगीत जुळायचं, थांबला की तिथेच रेंगाळायचं. पुढे शहरांत वीज आणि यंत्रं वाढली, तशी नको ती घरघर या कामात घुसू लागली. २००४पासून त्यांनी ती घरघरच ऐकायला लावली. ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’मध्ये खास हेडफोन आणि नकाशा घेऊन लोक रस्त्यावर हिंडतात. एटीएम, दुकानाच्या दारातली चोरी पकडणारी फाटकं, जाहिरातींचे दिवे, ट्राम, प्रत्येकाचा सूर निराळा. दिवसभर आपल्या अंगावरून जाणारं, पण कधी कानावर न आलेलं शहर.

तो हेडफोन आपल्याकडे नाही. पण आजोबांचा ट्रान्झिस्टर असेल. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा आणि तो चार्जर, एलईडी दिवा, वाय-फायचा डबा यांच्याजवळून हळूहळू न्या. अगदी तेच नव्हे, पण त्याच घराण्यातलं. मुलांच्या हातात द्या आणि कुठे काय ऐकू येतं त्याचा घराचा नकाशा काढायला सांगा. आमच्याकडे देवघर सगळ्यात शांत निघेल अशी सासूबाईंची खात्री होती. तिथली एलईडीची माळ सगळ्यात जोरात बोलली.