सार्वजनिक दफनभूमींतील स्मारकांचे नियम

सार्वजनिक दफनभूमींत कबरीवर कोणीं काय बांधावें, केवढें बांधावें आणि त्यावर काय वाहावें, याविषयीं नियम करण्याची गोष्ट कोणत्याहि नगरपालिकेंत निघाली म्हणजे लागलीच दोन पक्ष हातघाईवर येतात. एक म्हणतो, ज्याचें माणूस गेलें त्याच्या दुःखाला फुटपट्टी लावणारी पालिका कोण? दुसरा म्हणतो, जागा सर्वांची आहे, तेव्हां नियम हा पाहिजेच. मग कोणाचें मन दुखावो अगर न दुखावो. आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत निम्में सत्य आहे, आणि निम्म्या सत्यावर रचलेला नियम फार दिवस टिकत नाहीं. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण दहन करणारे आहेत. त्यांस वाटेल कीं, हा प्रश्न ख्रिस्ती व मुसलमान बंधूंचा; आपणांस त्याचें काय? परंतु लिंगायत समाजांत दफनाचाच रिवाज आहे, संन्याशांस समाधि देतात, आणि अगदीं तान्हें मूल गेलें तर दहन करणाऱ्या घरांतहि बहुधा त्याला पुरतात. शिवाय मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें मृतांच्या अंत्यविधीच्या जागांची व्यवस्था ठेवणें हें पालिकेच्या आवश्यक कर्तव्यांतच घातलें आहे. जें काम सर्वांच्या कराच्या पैशांतून चालतें, तें कोणा एका समाजाचें घरगुती काम नव्हे.

थडग्यांची हौस कोठवर जाते हें पाहावयाचें असेल तर सुरतेस जावें. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं सुरतेवर स्वारी केली, त्या वेळीं तेथील इंग्रज वखारीचा मुख्य सर जॉर्ज ऑक्झेंडन हा होता. तो १६६९ सालीं वारला. त्याचें व त्याच्या भावाचें भव्य थडगें तेथें अजून उभें आहे. पुढें डच कंपनीचा मोठा अधिकारी व्हान रीड हा १६९१ सालीं वारला, तेव्हां इंग्रजांवर ताण करण्यासाठींच त्याचें थडगें तसें डौलदार बांधलें, असें सांगतात. बाजारांतली चढाओढ अशी थेट मसणवटींत शिरली! त्या कंपन्या बुडून किती काळ लोटला, त्यांच्या नफ्यातोट्याची आज कोणास आठवणहि नाहीं. घुमट मात्र सरकारच्या पुरातत्त्व खात्यास सांभाळावे लागत आहेत.

त्या वखारवाल्यांस जागेचा तोटा नव्हता. आमच्या शहरांस तो आहे. एका प्रौढ माणसाच्या कबरीस सात फूट लांब व तीन फूट रुंद, म्हणजे २१ चौरस फूट जागा धरा. तिच्यावर कोणीं १० फूट लांब व ८ फूट रुंद चबुतरा बांधून भोंवतीं लोखंडी कठडा घातला, तर ८० चौरस फूट अडले. म्हणजे चौघांची जागा जवळजवळ एकट्यानें घेतली. दुकानाची पायरी रस्त्यावर आली तर आपण तिला अतिक्रमण म्हणतों. मग याला दुसरें नांव कां द्यावें? आणि ज्या गरिबाला यामुळें एका कोपऱ्यांत, वाटेच्या कडेला जागा मिळाली, त्याचें दुःख कांहीं हलकें नव्हतें.

हिशेबाची दुसरी बाजूहि पाहावी. बांधण्याचा खर्च एकदां होतो, राखण्याचा दरसाल. नातवंडें परगांवीं जातात, संगमरवर तडकतो, कठडा गंजतो, गवत कापणाऱ्यास आंत शिरतां येत नाहीं, फुटक्या काचांनीं त्याचे हात चिरतात आणि पावसाळ्यांत कुंड्यांत पाणी सांचून डांस होतात. पुण्याजवळ खडकी येथें जें युद्धस्मारक आहे, त्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत वारलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचीं नांवें एकत्र नोंदलीं आहेत. कारण गांवोगांवच्या व छावण्यांच्या दफनभूमींत विखुरलेल्या त्यांच्या कबरींची निगा राखणें पुढें शक्य राहिलें नाहीं. ज्यांच्यामागें एवढें सरकार उभें होतें त्यांच्या कबरींची ही गत, तर खासगी घराण्याच्या चबुतऱ्याची काय कथा?

याच युद्धानें या प्रश्नाचें एक उत्तरहि दिलें आहे. १९१७ सालीं स्थापन झालेल्या साम्राज्य युद्धसमाधि मंडळानें असा नियम केला कीं, शिपाई असो वा सेनापति, प्रत्येकाची शिळा सारखी. उंची दोन फूट आठ इंच, रुंदी एक फूट तीन इंच. शिळेवर ज्याच्या त्याच्या धर्माचें चिन्ह, आणि खालीं नातलगांस आपले शब्द कोरवून घेण्यास ६६ अक्षरांची मोकळीक. श्रीमंतानें पैसे दिले म्हणून मोठा दगड मिळावयाचा नाहीं. यावर इंग्लंडांत केवढा आक्रोश झाला! आमच्या मुलाच्या कबरीवर आम्हांला हवा तसा क्रूस उभारूं द्या, म्हणून आयाबाया विनवूं लागल्या, व ४ मे १९२० रोजीं हा वाद पार्लमेंटांत आला. मंडळाचे साहित्य-सल्लागार किप्लिंग यांचा स्वतःचा मुलगा १९१५ च्या लढाईंत नाहींसा झाला होता, आणि त्याची कबर बापाच्या हयातींत सांपडली नाहीं. ते मात्र समान शिळेच्याच बाजूचे होते. अखेर नियम कायम राहिला, आणि आज त्या सारख्या रांगांसमोर उभा राहणारा मनुष्य कोणाचा दगड मोठा हें विसरून सर्वांपुढेंच मान लववितो.

परंतु येथें एक कडू गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. याच मंडळाच्या वारसानें नेमलेल्या समितीनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें कबूल केलें आहे कीं, पहिल्या महायुद्धांत मेलेल्या सुमारें ४५,००० ते ५४,००० माणसांची, ज्यांत हिंदी व आफ्रिकी लोकांचा भरणा मोठा, स्मृति इतरांच्या बरोबरीनें राखली गेली नाहीं. आणखी कित्येकांचें तर नांवहि कोठें कोरलें गेलें नाहीं. मंडळानें त्याबद्दल माफी मागितली. नियम समतेचा होता. अंमल मात्र माणूस पाहून झाला. आमच्या नगरपालिकांनीं या उदाहरणाचा पूर्वार्ध घ्यावा आणि उत्तरार्धापासून शहाणपण शिकावें.

म्हणून आमची सूचना अशी. शिळेची लांबी, रुंदी व उंची एकच ठरवावी आणि कबरीच्या मापाबाहेर बांधकाम मुळींच नसावें. धर्मचिन्ह कोणतें व मजकूर कोणत्या भाषेंत, हें सर्वस्वीं नातलगांकडे राहावें; त्यांत पालिकेनें नाक खुपसूं नये. ताजीं फुलें केव्हांहि वाहावींत. काच, प्लास्टिक व लोखंड यांस मनाई असावी, आणि सुकलेलें निर्माल्य ठराविक वारीं उचलावें. ज्यास शिळेचें सामर्थ्य नाहीं, त्याच्या कबरीवर पालिकेनें आपल्या खर्चानें नांव घालावें. नाहींतर समतेचा नियम हा गरिबाच्या बाबतींत नुसता शब्द राहील. पूर्वी बांधलेल्या स्मारकांस हात लावूं नये. आणि कोणतीहि वस्तु काढण्यापूर्वीं घरच्या मंडळींस पत्र जावें, फाटकावर त्यांच्या भाषेंत सूचना लागावी, निदान एक महिन्याची मुदत मिळावी. मुदतीनंतर जें काढावें लागेल तें कचऱ्याच्या गाडींत न टाकतां, नांव लिहून कचेरींत ठेवावें. एखादी आई लेकराच्या कबरीवर लाकडी घोडा ठेवून गेली असेल. पुढच्या खेपेस तो तिला उकिरड्यावर दिसला, तर त्या शहाराचा नियम कितीहि शास्त्रशुद्ध असला तरी तो आम्ही रानटीच म्हणूं.

हे नियम करण्यापूर्वीं ज्या ज्या समाजाचे लोक तेथें पुरले जातात, त्यांच्या प्रमुखांस व सामान्य माणसांसहि बोलावून विचारावें. बहुतेक ठिकाणीं लोक नियमाला भीत नाहींत. तो आपल्यालाच लागेल आणि वजनदाराला लागणार नाहीं, याला भितात. ही भीति घालविण्याचा उपाय एकच आहे. जो नियम सभासद आपल्या स्वतःच्या बापाच्या कबरीला लावण्यास तयार असतील, तोच त्यांनीं मंजूर करावा. त्याहून कडक नियम दुसऱ्याच्या बापाच्या कबरीला लावण्याचा अधिकार त्यांस नाहीं.